काटेडॉक्टर

तेव्हा दवाखान्याच्या त्या ओट्यावर कोण कोण हजर होतं ते आधी सांगते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की म्हातारी मनचं सांगते. सबनीस डॉक्टर होते. त्यांचे कंपाउंडर बापट होते. ठाण्याच्या खोपट भागातून औषधाला येणारे जोशी मास्तर होते. डोंबिवलीच्या गंगूबाई आणि त्यांचे मालक, म्हणजे नवरा, होते. आमच्या सासूबाई होत्या, आमचे हे होते, आणि मी. यातलं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. म्हणून मी सांगते आणि नात लिहून घेते. माझं शिक्षण दुसरीपर्यंत, तेही अर्धं.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झालेली. धान्य रेशनवर होतं. आम्ही कल्याणला बैलबाजारात एका खोलीत राहायचो. हे भाताच्या गिरणीत कामाला. गिरणीत कोंडा उडतो, तो नाकातोंडात जातो, त्यामुळे तिथला प्रत्येक माणूस खोकतो. पण बाकीचे गिरणीत खोकायचे, हे घरी येऊनही खोकायचे. सासूबाई म्हणायच्या, कोंडाच आहे, गुळाचा खडा धरायला सांग. मी गुळाचा खडा देऊन देऊन थकले. शेवटी ह्यांना घेऊन काळ्या तलावाजवळ सबनीस डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. सासूबाई पहारा करायला सोबत आल्या.

दवाखान्याच्या ओट्यावर गिरणीत पोती मोजतात तसला मोठा काटा ठेवलेला. बाजूच्या फळीवर दोन काचेच्या बरण्या, त्यांत चिंचोके. एक बरणी अर्ध्यावर भरलेली, दुसरीचा नुसता तळ झाकलेला. डॉक्टर उंच, पाठीत वाकलेले, धोतरावर कोट घातलेला. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "चढा."

हे काट्यावर चढायला पुढे झाले.

"तुम्ही नाही. ह्या बाई."

सासूबाई म्हणाल्या, "अहो डॉक्टर, आजारी हा आहे. हिला काय धाड भरली आहे?"

"ते दिसलं, आजी. त्यांचं बघतो. आधी बाईंचं."

मी चपला काढून चढले. बापट कंपाउंडरांनी वजनं लावली आणि गिरणीत पोत्याचं ओरडतात तसं ओरडले, "एक मण पाच शेर." ओट्यावरचे सगळे ऐकत होते. हे म्हणाले, "पोतं जरा हलकंच भरलंय." लोक हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं.

अख्ख्या कल्याणात त्यांना काटेडॉक्टर म्हणायचे. बाहेरगावचे लोक तर त्यांचं आडनावच काटे समजून यायचे. आजारी माणसाला जो सोबत घेऊन येईल त्याचं आधी वजन, मग आजाऱ्याचं. एकदा म्हणे एक शेठजी नोकराला घेऊन आलेले. डॉक्टरांनी नोकराला काट्यावर चढवलं. शेठजी रागावून उठून गेले, नोकर मात्र पुढच्या आठवड्यात एकटाच आला.

आता त्या बरण्यांचं सांगते. डॉक्टरांचा एक शोध चाललेला. क्षयाचा माणूस लवकर कसा ओळखायचा याचा. आजाऱ्याला आत बसवून डॉक्टर विचारायचे, खोकला किती दिवस, ताप येतो का, भूक आहे का. तेच सगळं मागच्या पडवीत बापट त्याच्या बायकोला नाहीतर आईला विचारायचे. दोघांचं एकमेकांना ऐकू जायचं नाही. मग थुंकीची बाटली मागवायचे आणि ती दुर्बिणीखाली बघायचे. दुर्बीण म्हणजे बारीक जंतू दिसतात ती, त्यांना कुठूनशी जुनी मिळालेली. दुर्बिणीत जे निघेल त्याच्याशी ज्याचं बोलणं जुळलं, त्याच्या बरणीत एक चिंचोका. एक बरणी आजाऱ्यांची, एक सोबतच्यांची. अर्धी भरलेली होती ती सोबतच्यांची. म्हणजे बहुतेक बायकांचीच.

पुरुषांना हे फार लागायचं. जोशी मास्तरांना तर अपमानच वाटायचा. एकदा डॉक्टर आत आहेत बघून त्यांनी खिशातले पाच-सहा चिंचोके हळूच आजाऱ्यांच्या बरणीत टाकले. डॉक्टर बाहेर आले, बरणी हलवली, आणि म्हणाले, "मास्तर, आमचे चिंचोके कच्चे असतात. हे भाजलेले आहेत. खाऊन टाका."

तर पहिल्या दिवशी आमचीही तशीच चौकशी झाली. आत ह्यांनी सांगितलं, "आठ-दहा दिवस झाले असतील. कोंड्याचा खोकला." बाहेर बापटांनी मला विचारलं, "कधीपासून?"

मी म्हटलं, "गौरी उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"आता तर शिमगा आलाय, बाई."

"मग गौरीपासून शिमग्यापर्यंत. ह्यांच्या उशाखालची फडकी मी धुते. आधी दोन निघायची, आता पाच निघतात."

"जेवता कुणाच्या ताटात?"

"ह्यांच्या."

"त्यांचं झाल्यावर? त्याच ताटात?"

"मग काय. सगळ्याच बाया जेवतात."

बापटांनी आत जाऊन सांगितलं तसे डॉक्टर स्वतः बाहेर आले. म्हणाले, "आजपासून ताट वेगळं. त्यांचं उष्टं खायचं नाही."

सासूबाई म्हणाल्या, "नवऱ्याच्या ताटात जेवायचं नाही, तर लग्न कशाला केलं?"

"आजी, लग्न टिकावं म्हणून सांगतोय."

मला सकाळची थुंकी बाटलीत घालून आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी बाटली घेऊन गेले. खिडकीपाशी गंगूबाईपण आपली बाटली घेऊन उभ्या होत्या. त्यांचे मालक मिठागरावर कामाला. सुकी मासळी खाताना काटा लागल्यापासून थोडे दिवस खोकताहेत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि गंगूबाईंचंही तेच. बापटांनी माझी बाटली घेतली, विचारलं, "कुणाची?"

मी म्हटलं, "ह्यांची."

त्यांनी चिठ्ठी चिकटवली. मग गंगूबाईंची घेतली. "कुणाची?"

"ह्यांची," गंगूबाई म्हणाल्या.

आणखी दोन दिवसांनी सगळे परत ओट्यावर. वर सांगितली तीच माणसं. बापटांनी वाचून दाखवलं. आमच्या ह्यांच्या थुंकीत काही नाही. गंगूबाईंच्या मालकांच्या थुंकीत क्षयाचे जंतू आहेत.

गंगूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांचे मालक नुसते आपल्या हातांकडे बघत राहिले. आमच्या ह्यांनी टोपी घातली, मला म्हणाले, "सांगितलेलं ना, कोंडा आहे. चल, दुपारच्या पाळीला जातो." सासूबाई म्हणाल्या, "हिला हौस नवऱ्याला आजारी पाडायची." मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. एवढं बरं वाटलं की पाय हलके झाले.

जोशी मास्तर म्हणाले, "डॉक्टर, चिंचोका टाका. आज आजाऱ्यांची बरणी वाढली. नवरा म्हणत होता कोंडा, बायको म्हणत होती सहा महिने."

डॉक्टरांनी चिंचोका बोटांत धरलेला. ते तो टाकेनात. मला म्हणाले, "बाई, फडकी किती निघतात म्हणालात?"

"पाच."

"काल किती निघाली?"

"सहा."

"आणि तुम्ही?" त्यांनी गंगूबाईंना विचारलं. "तुम्ही फडकी धुता?"

"कसली फडकी?" गंगूबाई म्हणाल्या. "ते ओसरीवरून खाली थुंकतात आणि झोपतात."

डॉक्टर म्हणाले, "माणूस चुकेल. दुर्बीणसुद्धा चुकेल. सहा फडकी कशी चुकतील? बापट, त्या बाटल्या आणा."

बापटांनी बाटल्या आणल्या.

"ह्या बाटलीवर काय लिहिलंय?"

"ह्यांची."

"आणि ह्या?"

"ह्यांची."

"ह्यांची म्हणजे कुणाची, बापट?"

बापट बिचारे सरळ माणूस. म्हणाले, "मी विचारलं कुणाची. दोघी म्हणाल्या ह्यांची. सांगितलं ते लिहिलं."

ओट्यावर कोणी हसलं नाही. हसू नंतर, पुष्कळ वर्षांनी आलं. डॉक्टरांनी दोन कोऱ्या बाटल्या मागवल्या. एक माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "उद्या परत आणायची. पण चिठ्ठी आज लिहितो. नाव सांगा."

मी सासूबाईंकडे बघितलं. नवऱ्याचं नाव बाईनं घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं आम्हाला शिकवलेलं. हे समोरच उभे, ते सांगू शकले असते. पण त्यांनी टोपी काढून हातात घेतलेली आणि त्यांचा चेहरा पडलेला. त्यांना कळलेलं. मला वाटलं, आयुष्य कमी व्हायचं ते बाटलीतच चाललंय.

"शिवराम धोंडू शेलार," मी म्हटलं. सरळ. सासूबाईंनी कानावर हात ठेवले.

दुसऱ्या वेळी बाटल्या बरोबर गेल्या. जंतू ह्यांच्याच निघाले. गंगूबाईंचे मालक सुटले. गंगूबाईंनी आनंदानं डॉक्टरांना सुक्या बोंबलांची जुडी आणून दिली. डॉक्टर शाकाहारी. त्यांनी नको म्हटलं नाही, दोन बोटांत लांब धरून ती माझ्याकडे दिली आणि कोटाला हात पुसले. तो चिंचोका सोबतच्यांच्या बरणीत पडला. जोशी मास्तरांनीच टाकला, कच्चा. मला वाटलं, सगळी बरणी आजाऱ्यांना देऊन टाकावी, पण मी खोटी ठरावी.

त्या दिवसापासून खिडकीपाशी नाव घेतल्याशिवाय बाटली घेणं बंद. ज्यांना नुसतं नाव घ्यायला नको वाटे त्यांनी उखाणा घ्यावा, पण नाव पाहिजे. मग काय, सकाळी सकाळी दवाखान्याच्या ओट्यावर हळदीकुंकू असल्यासारखं व्हायचं. मुरबाडची एक नवी नवरी होती, तिनं घेतलेला अजून आठवतो. "निळ्या निळ्या बाटलीला लाकडाचं बूच, केशवरावांचा खोकला बघा डॉक्टर तुम्हीच." डॉक्टर गंभीरपणानं म्हणाले, "बघतो." आणि बापटांनी लिहिलं, केशव.

मुंबईहून एकदा त्यांच्या ओळखीचे मोठे डॉक्टर हे सगळं बघायला आलेले. मोटारीतून आले. बरण्या बघून म्हणाले, "सबनीस, हे काय, चिंचोक्यांचं शास्त्र?" आमचे डॉक्टर म्हणाले, "मोजून घ्या." त्या माणसानं मोजले नाहीत, पण जाताना गुपचूप आपल्या ड्रायव्हरला विचारत होता, मी अलीकडे खोकतो का रे.

त्या काळी क्षयाच्या सुया नव्याच निघालेल्या. मिळायला कठीण. त्या कुठून आणायचे डॉक्टरांनाच ठाऊक. आठवड्यातून ठरल्या दिवशी ह्यांना सुई, आणि दर वेळी मी काट्यावर. ह्यांची गिरणी सुटलेली. मी सकाळी दोन घरची धुणी-भांडी करायचे, दुपारी पापड लाटायला जायचे. घरी येऊन ह्यांचं, सासूबाईंचं, पोरीचं. दूध-अंडं मिळेल ते ह्यांना. बापट ओरडायचे ते मी ऐकायचे. एक मण चार. एक मण तीन. एक मण अडीच.

मला भीती बसली. काटेडॉक्टर मला पण आजारी ठरवतील, मिरजेकडे कुठे लांबच्या दवाखान्यात धाडतील. मग ह्यांना सुईला कोण आणणार? सासूबाईंना रस्ता ओलांडता येत नव्हता. पोर तीन वर्षांची. मलाही हल्ली दुपारी कणकण वाटायची, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

तर एका मंगळवारी मी घरातला लोखंडी बत्ता पदरात गुंडाळून कमरेला खोवला. आणि चढले.

बापट ओरडले, "एक मण साडेचार." त्यांनाच आनंद झाला. "शाबास, बाई, दोन शेर चढलात."

डॉक्टर खुर्चीतून उठून आले. काट्याकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. म्हणाले, "कमरेला काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही ते दोन शेर भरत नाही, बाई."

मी हात घातला आणि बत्ता काढला. ओट्यावर सगळे इतके हसले की जोशी मास्तरांना ठसका लागला. हेही हसले. डॉक्टरांनी बत्ता माझ्या हातातून घेतला, खिडकीवर ठेवला, आणि मला मागच्या पडवीत बोलावलं. मला वाटलं, आता हाकलतात.

"बसा," ते म्हणाले. मी उभीच राहिले. मग तेच खाली बसले, पायरीवर, म्हणून मलाही बसावं लागलं.

"माझी आई अंथरुणाला खिळलेली होती," ते म्हणाले. "पोटाचं दुखणं. तिला उभं राहता येत नव्हतं आणि मला तिचं वजन दर आठवड्याला पाहिजे होतं. एक गिरणी बंद पडली, तिथला हा काटा घेतला. दोन माणसं मावतात. आमचं कुटुंब तिला उचलून काट्यावर उभं राहायचं." कुटुंब म्हणजे बायको. तेव्हा पुरुष असंच म्हणायचे. "दोघींचं मिळून जे येईल त्यातून कुटुंबाचं वजा करायचं. राहील ते आईचं."

मी म्हटलं, "बरोबर."

"कुटुंबाचं वजन पहिल्या दिवशी घेतलं होतं. एकदाच. पुढे दर वेळी तोच आकडा वजा करत गेलो."

मला हिशेब येत नाही, पण पोत्यांचं वजन कळतं.

"चार महिने वजन उतरत होतं. मी आईची औषधं बदलत होतो. आईला दूध वाढवलं, फळं आणली. तरी उतरतच होतं. कुटुंब काट्यावर उभं राहायचं तेव्हा पाय थरथरायचे. मी म्हणायचो, नीट उभी राहा, काटा हलतोय. आई होती तेवढीच होती, बाई. ती कुटुंबाच्या मागे दोन वर्षं जगली."

पडवीत बापटांचा स्टोव्ह फुरफुरत होता, त्यावर सुया उकळत होत्या. डॉक्टरांनी चष्मा काढला, धोतरानं पुसला, परत घातला. म्हणाले, "तुमची बाटली पाहिजे. तुमची. उद्या."

दुसऱ्या दिवशी बापटांनी खिडकीतून विचारलं, "कुणाची?" मी माझं स्वतःचं नाव सांगितलं. लग्नानंतर ते मला कोणी विचारलेलं नव्हतं. दोन दिवस मी पाण्याचा घोटही धड गिळला नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः आमच्या खोलीवर आले. बैलबाजारात त्यांना बघून लोक दारात आले. दारातूनच म्हणाले, "काही नाही. स्वच्छ आहे." मग चिठ्ठी लिहिली आणि ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी अक्षरं लावून लावून मोठ्यानं वाचली. "जेवण. दिवसातून दोन वेळा. घरातल्या सगळ्यांच्या आधी. सहा महिने."

सासूबाई म्हणाल्या, "आधी? बाप्यांच्या आधी?"

"औषध आहे, आजी. औषध वेळेवरच घ्यावं लागतं."

सासूबाईंनी औषध या शब्दाला कधी मोडता घातला नाही. रोज स्वतः माझ्यासमोर ताट ठेवायच्या, तोंड वाकडं करून, आणि म्हणायच्या, "घे तुझं औषध." पहिले आठ दिवस मला सगळ्यांच्या देखत घास उतरेना. मग उतरायला लागला. हे पुढच्या वर्षी हलक्या कामावर लागले, रंगीत काचांच्या बांगड्यांच्या दुकानात. पुष्कळ जगले. पोरीचं लग्न बघितलं.

डॉक्टर तसेच राहिले, दवाखान्यामागच्या खोलीत, एकटे, हातानं रांधून. त्यांचा तो शोध कुठे छापून आला की नाही मला माहीत नाही. बरणी भरली की नवी आणायचे. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली.

एवढं सांगायचं होतं, आणि एक मागणं आहे. मी रोज सकाळी देवापुढे दिवा लावते तेव्हा गेलेल्या माणसांची नावं घेते. ह्यांचं घेते, सासूबाईंचं, गंगूबाईंचं, डॉक्टरांचं. डॉक्टरांच्या बायकोचं घ्यायचं राहतं. त्या दिवशी पायरीवर त्यांनी सगळं सांगितलं, पण नाव घेतलं नाही, कुटुंब कुटुंबच म्हणत राहिले, आणि मीही विचारलं नाही. कल्याणला काळ्या तलावाजवळ सबनीस डॉक्टर राहायचे. त्यांच्या बायकोला कोणी हाक मारलेली तुमच्या आईनं, आजीनं कधी ऐकली असेल, तर तिचं नाव काय होतं, तेवढं मला कळवा.